अक्कलदाढ काढल्यानंतर अर्धा ओठ बधिर, पाच आठवडे झाले: किती वाट पाहावी?

चैत्रपालवी:

गेल्या महिन्यात माझी खालची उजवी अक्कलदाढ काढावी लागली. ती हिरडीखाली आडवी अडकलेली होती, वर्षभरात तीनदा सुजली होती, आणि तिसऱ्या वेळी तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना, तेव्हा डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा सल्ला दिला. हिरडी उघडून, दाढेचे तुकडे करून ती काढली. पाऊण तास लागला. संध्याकाळपर्यंत भूल उतरेल असे सांगितले होते. जिभेची आणि गालाची उतरली. खालच्या ओठाचा उजवा अर्धा भाग आणि त्याखालची हनुवटी मात्र आज पाच आठवडे झाले तरी तशीच आहे.

बधिर म्हणजे अगदी काहीच कळत नाही असे नाही. बोट लावले तर दाब जाणवतो, पण आपण दुसऱ्याच कुणाच्या ओठाला हात लावतो आहोत असे वाटते. चहा कोपऱ्यातून ओघळतो आणि पदरावर डाग पडल्यावर मला कळते. परवा जेवताना हनुवटीला भाताचे शीत चिकटून राहिले होते. मुलीने पाहुण्यांसमोर दोनदा खूण केली, तेव्हा कुठे मी पुसले. मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे 'प' आणि 'म' नीट उमटत नाहीत अशी शंका वर्गात सतत येते, जरी सहकारी म्हणतात की त्यांना काहीच फरक ऐकू येत नाही. आरशात ओठ दोन्ही बाजूंनी सारखा हलतो, तोंड वाकडे झालेले नाही. तरीही सासूबाईंनी अर्धांगवायूची धास्ती घेतली आहे.

टाके काढताना डॉक्टर म्हणाले, "नस थोडी दुखावली असेल, येईल हळूहळू," आणि बी-१२ च्या गोळ्या देऊन तीन महिन्यांनी बोलावले. गेल्या चार-पाच दिवसांपासून हनुवटीत मुंग्या येऊ लागल्या आहेत. हे चांगले लक्षण की वाईट, तीन महिने नुसते थांबणे योग्य आहे का, आणि या काळात मी स्वतः काही करू शकते का, हे अनुभवी मंडळींनी आणि डॉक्टरांनी सांगावे. मी नाशिकला राहते.

दुपारचा_चहा:

ताई, दोन वर्षांपूर्वी मी नेमका याच अवस्थेत होतो, फक्त माझी बाजू डावी होती. पहिले सहा आठवडे काहीही बदलले नाही. मग मुंग्या सुरू झाल्या, आणि त्यानंतर महिनाभर दाढी करताना ओठाखालून वस्तरा फिरला की हनुवटीत विजेचा झटका बसावा तशी कळ जायची. मी घाबरून डॉक्टरांकडे पळालो, तर त्यांनी उलट समाधानाने मान हलवली. सर्वांत आधी परतला तो गारवा: थंड पाण्याचा पेला ओठाला लावला आणि सात महिन्यांनी पहिल्यांदा 'हे गार आहे' असे दोन्ही बाजूंना कळले. आज दहा रुपयांच्या नाण्याएवढा भाग अजून मंद आहे. पण तो आठवण काढल्याशिवाय आठवत नाही.

दोन गोष्टींची मात्र काळजी घ्या. मिसळीची तर्री, उकळता चहा, गरम सूप यांची उष्णता त्या बाजूला कळत नाही. माझ्या ओठाला फोड आला तो मला आरशात दिसला. आणि जेवताना ओठ दाताखाली आला तरी दुखत नाही, त्यामुळे तो पुन्हा पुन्हा चावला जातो. मी जेवण झाल्यावर आरसा पाहण्याची सवयच लावून घेतली होती.

'नस मोकळी करून देतो' म्हणणाऱ्या एका गृहस्थांकडे मी सहा वेळा जाऊन जबड्याला तेल चोळून घेतले. पैसे गेले, नुकसान झाले नाही, एवढेच म्हणता येईल.

मुखवैद्य:

मी मुख व जबडा शल्यचिकित्सक आहे. आपल्याला तपासलेले नसल्यामुळे निदान करणार नाही, पण वर्णन स्पष्ट आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी 'नस' या शब्दाविषयी. आपण रक्तवाहिनीला नस म्हणतो, आखडलेल्या स्नायूला नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही नसच म्हणतो. म्हणूनच नस दुखावली असे ऐकले की माणूस तेल घेऊन चोळायला बसतो. इथे प्रश्न मज्जातंतूचा आहे, आणि तो हाडाच्या आत आहे, तिथे तेल पोहोचत नाही. खालच्या जबड्याच्या हाडातून एक बोगदा जातो. त्यातला मज्जातंतू वाटेत खालच्या दातांना संवेदना पुरवतो आणि उपदाढांच्या मुळांजवळच्या छिद्रातून बाहेर पडून त्या बाजूचा अर्धा ओठ आणि हनुवटी यांच्यात पसरतो. अक्कलदाढेची मुळे काही जणांत या बोगद्याला खेटलेली असतात, क्वचित त्याला मिठी मारून बसलेली असतात. ओठ हलवण्याचे काम चेहऱ्याच्या स्नायूंच्या वेगळ्या मज्जातंतूकडे असते आणि तो या वाटेने जात नाही. त्यामुळे सासूबाईंना निश्चिंत राहायला सांगा: हा अर्धांगवायू नव्हे. चहा ओघळतो तो ओठात ताकद नाही म्हणून नव्हे, तर कपाची कडा नेमकी कुठे टेकली हे कळत नाही म्हणून.

आता 'येईल हळूहळू' या वाक्याकडे. ते बहुतेक वेळा खरे ठरते, पण ते अर्धे वाक्य आहे. मज्जातंतूच्या इजेच्या तीन पायऱ्या सेडन या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने १९४३ साली मांडल्या आणि आजही आम्ही त्याच वापरतो. पायजम्याच्या नाडीचे उदाहरण घेऊ. पहिल्या पायरीत नाडीही शाबूत असते आणि नेफाही. फक्त दाबामुळे किंवा सुजेमुळे संदेश थांबलेला असतो. ही बधिरता काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत जाते. दुसऱ्या पायरीत आतली नाडी तुटते पण नेफा शिल्लक राहतो. मज्जातंतूचे धागे त्या नेफ्यातून पुन्हा पुढे वाढत येतात, साधारणपणे दिवसाला एक मिलिमीटर या गतीने. अक्कलदाढेपासून ओठापर्यंतचे अंतर सहा-सात सेंटीमीटर धरले आणि सुरुवातीचे खोळंब्याचे दिवस मिळवले, तर दोन-तीन महिन्यांच्या आत ओठापर्यंत फारसे काही पोहोचणार नाही हे आपल्याला हिशेबानेच कळेल. तिसऱ्या पायरीत नेफाही फाटलेला असतो. तिथे धागे वाट चुकतात, गाठ बांधून बसतात, आणि आपोआप सुधारणा होण्याची आशा फार थोडी असते.

पाचव्या आठवड्यात संवेदना पूर्ण आलेली नाही, म्हणजे इजा अगदी किरकोळ नव्हती एवढे म्हणता येते. बोटाचा दाब कळतो आहे आणि मुंग्या सुरू झाल्या आहेत, या दोन्ही गोष्टी आशादायक आहेत. मुंग्या म्हणजे हमी नव्हे, हेही सांगायला हवे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की वाट पाहा, पण मोजत पाहा. दर रविवारी एका ठरावीक वेळी आरशासमोर बसा. कापसाचा बारीक पुंजका निरोगी बाजूकडून बधिर बाजूकडे हलकेच सरकवत न्या, जिथे स्पर्श बदलतो तिथे काजळाच्या पेन्सिलीने ठिपका द्या, आणि चारही दिशांनी असे ठिपके देऊन ते जोडा. त्या नकाशाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग डोळे मिटून घरच्या कुणाला तरी कापूस त्या भागावरून डावीकडे किंवा उजवीकडे ओढायला सांगा आणि दिशा ओळखा, दहा वेळा. शेवटी फ्रिजमधला गार चमचा आणि कोमट पाण्यातला चमचा यांतला फरक कळतो का ते पाहा. सुई टोचून पाहू नका, ते तपासणाऱ्या डॉक्टरांवर सोडा. चार रविवारांचे चार नकाशे शेजारी ठेवले, तर कोणत्याही शल्यचिकित्सकाला 'थोडे बरे वाटते' या वाक्यापेक्षा कितीतरी अधिक कळते.

भाग आक्रसत असेल तर थांबण्यात काहीच धोका नाही. मात्र तीन महिने होत आले आणि नकाशा जागचा हलला नाही, किंवा त्याआधीच बधिरतेच्या जागी जळजळ सुरू झाली, वारा लागला किंवा पदर घासला तरी कळ येऊ लागली, तर तीन महिन्यांच्या भेटीपर्यंत न थांबता मुख व जबडा शल्यचिकित्सा विभाग असलेल्या ठिकाणी जा. नाशिकहून मुंबई जवळ आहे. सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय किंवा नायर दंत महाविद्यालय इथे हा विभाग आहे. मज्जातंतू सूक्ष्मदर्शकाखाली मोकळा करण्याची किंवा जोडण्याची शस्त्रक्रिया करायचीच असेल, तर ती पहिल्या काही महिन्यांत केल्यास अधिक फळते. वर्ष उलटून गेल्यावर आलेल्या रुग्णाला हे सांगताना आम्हालाही वाईट वाटते.

बी-१२ बद्दल बरेच जण विचारतात. शरीरात त्याची कमतरता असेल तर मज्जातंतूची दुरुस्ती रखडते, आणि शाकाहारी माणसांत ही कमतरता खूप आढळते. म्हणून रक्ततपासणी करून घ्यावी. ते पुरेसे असताना आणखी गोळ्या घेतल्याने तंतू वेगाने वाढतो असे ठामपणे म्हणता येत नाही. सूज उतरवणारी स्टेरॉइडची औषधे काही शल्यचिकित्सक सुरुवातीच्या दिवसांत देतात. पाचव्या आठवड्यात त्यांचा उपयोग उरलेला नसतो.

ज्यांनी हा धागा वेगळ्या कारणासाठी उघडला असेल त्यांच्यासाठी एक सूचना, कारण हे वेळेवर माहीत नसल्याने नुकसान होते. खालच्या जबड्यात इम्प्लांट बसवल्यानंतर किंवा मागच्या दाताच्या रूट कॅनालनंतर भूल उतरायची वेळ टळून गेली आणि ओठ बधिरच राहिला किंवा भाजल्यासारखा दुखू लागला, तर तिथे वाट पाहायची नसते. स्क्रू किंवा भरलेले द्रव्य मज्जातंतूवर दाबत असू शकते आणि ते शक्यतो एक-दोन दिवसांतच काढावे लागते. त्याच संध्याकाळी डॉक्टरांना फोन करावा.

रानजाई:

माझा अनुभव जिभेचा आहे आणि तो इतका आशादायक नाही, तरीही लिहिते, कारण असे अनुभव लोक सहसा सांगत नाहीत.

माझी डावी अक्कलदाढ काढल्यानंतर जिभेची डावी बाजू बधिर झाली. मला समजावून सांगितले त्यानुसार जिभेचा मज्जातंतू हाडाच्या बोगद्यात नसतो. तो अक्कलदाढेच्या आतल्या बाजूला हाडाला लगटून मऊ भागातून जातो, त्यामुळे तो तुटला तर धाग्यांना वाट दाखवायला हाडाची भिंत नसते. त्याच्याबरोबरच जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाच्या चवीचे धागेही येतात. परिणाम असा की कैरीच्या लोणच्याची फोड मी डावीकडे चघळते तेव्हा ती कागदासारखी लागते, आणि उजवीकडे नेली की एकदम आंबट होते. सुरुवातीला मला यात गंमत वाटायची. चौथ्या महिन्यात जळजळ सुरू झाली, गरम काही न खाताही पोळल्यासारखी, आणि गंमत संपली.

दात दुखत नाही, जखम भरलेली, एक्स-रे स्वच्छ. त्यामुळे मला दोन ठिकाणी 'मनावर घेऊ नका' असे सांगण्यात आले. अखेर एका मेंदू व मज्जासंस्थेच्या डॉक्टरांनी हे मज्जातंतूचे दुखणे आहे असे स्पष्ट सांगितले आणि प्रेगाबालिन सुरू केले. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनी या दुखण्याला काहीच फरक पडला नव्हता. नव्या औषधाने सुरुवातीचे दोन आठवडे दिवसाही पेंग यायची; आता जळजळ बरीच कमी आहे, बधिरता आहे तशीच आहे. शस्त्रक्रियेचा विचार झाला तेव्हा चौदा महिने उलटले होते.

चैत्रपालवी, मी तुमच्या जागी असते तर डॉक्टरसाहेबांनी सांगितलेला नकाशा आजच काढायला घेतला असता.

चैत्रपालवी:

सर्वांचे मनापासून आभार. काल नकाशा काढला. ओठाच्या उजव्या कोपऱ्यापासून अगदी मध्यरेषेपर्यंत आणि खाली हनुवटीच्या कडेपर्यंत ठिपके आले, रेषा इतकी सरळ मधोमध आली की मुलगी म्हणाली, "आई, पट्टीने आखलीस का?" खालचे पुढचे उजवे दातही बधिर आहेत हे मला काल प्रथमच समजले. दिशा ओळखण्यात दहापैकी सहा बरोबर आले, त्यामुळे थोडे हायसे वाटले. चमच्यांतला फरक कळला नाही.

दोन शंका आहेत. शस्त्रक्रियेआधी मी एका इंग्रजी छापील कागदावर सही केली होती, पण ओठ बधिर होऊ शकतो हे तोंडी कुणी सांगितले नव्हते. ही डॉक्टरांची चूक मानावी का? आणि माझी डावी अक्कलदाढही तशीच आडवी आहे. ती आता काढायची म्हटले तरी मला कापरे भरते.

तळटीप:

कायद्याच्या बाजूने थोडे लिहितो. मज्जातंतूला इजा झाली एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, कारण पुरेशी काळजी घेऊनही ती होऊ शकते. संमतीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले की उपचाराचे स्वरूप, पर्याय, लक्षणीय धोके आणि उपचार न घेतल्यास होणारे परिणाम यांची पुरेशी माहिती रुग्णाला दिली पाहिजे. दुर्मीळ किंवा केवळ तात्त्विक धोके सांगण्याचे बंधन नाही. आपला धोका यांतल्या कोणत्या रकान्यात बसतो, हा वादाचा मुद्दा होऊ शकतो. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची असते. तक्रार करायची की नाही हे नंतर ठरवा, परंतु एक्स-रे, सही केलेल्या कागदाची प्रत आणि औषधाच्या चिठ्ठ्या आजच मागून ठेवा. उपचारासाठीही त्या लागणारच आहेत.

मुखवैद्य:

तळटीप यांच्याशी बव्हंशी सहमत आहे, पण 'दुर्मीळ' या शब्दाआड आमच्या व्यवसायाने लपू नये असे माझे मत आहे. खालच्या अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेनंतर तात्पुरती बधिरता शंभरांतल्या काही जणांना येते, कायमची शंभरांत एकाहूनही कमी जणांना. आकडा लहान असला, तरी जो भाग बधिर होतो त्या भागाने माणूस खातो आणि बोलतो. मी स्वतः हे मराठीत सांगतो आणि सांगितल्याची नोंद करतो. काही जण त्यानंतर शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. तो त्यांचा अधिकार आहे. आपल्या डॉक्टरांनी सांगितले नाही ही उणीव खरी. दाढ काढताना त्यांचा हात चुकला का, हे मात्र या उणिवेवरून ठरत नाही.

दहापैकी सहा यावर फार विसंबू नका. दिशा दोनच असतील तर नुसत्या अंदाजानेही पाच बरोबर येतात. आठ-नऊ येऊ लागले की खरी प्रगती समजा.

डाव्या दाढेविषयी: ती गप्प असेल, किडलेली नसेल, शेजारच्या दाढेला खात नसेल, तर आडवी आहे एवढ्याच कारणासाठी तिला हात लावू नये. काढावीच लागली तर आधी संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, नीट पाहून घ्यावा. मुळावरून बोगदा जातो तिथे मूळ काळपट दिसत असेल, बोगद्याची पांढरी रेघ तुटलेली असेल किंवा बोगदाच वळलेला असेल, तर मुळे त्याला चिकटून असण्याची शक्यता वाढते. अशा वेळी सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन करून घ्यावा. त्यात मुळे खरोखरच खेटलेली दिसली आणि ती निरोगी असली, तर दाढेचा फक्त वरचा भाग कापून मुळे तशीच हाडात ठेवण्याचा मार्ग आहे. मुळे कालांतराने थोडी वर सरकू शकतात, क्वचित पुन्हा शस्त्रक्रिया लागते, पण मज्जातंतू वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

चैत्रपालवी:

अकराव्या आठवड्याची नोंद देते आहे, कारण धागा अर्धवट सोडलेला मला आवडत नाही.

नकाशा तीन रविवार तसूभरही हलला नाही, आणि त्या काळात मी मुंबईची वेळ घेऊन ठेवली. चौथ्या रविवारी ओठाच्या कोपऱ्याकडून रेघ अर्धा बोट आत आली. आज कोपऱ्याजवळ दिशा दहापैकी नऊ वेळा ओळखता आली. हनुवटीच्या मध्यावर अजून सहाच, म्हणजे डॉक्टरसाहेबांच्या भाषेत अंदाजपंचे. गार चमचा कळतो, कोमट कळत नाही. दुपारचा_चहा यांनी वर्णन केलेला झटका टॉवेलने तोंड पुसताना येतो; जळजळ नाही. बी-१२ तपासले, ते खरोखरच कमी निघाले, आणि आता इंजेक्शने चालू आहेत.

एक्स-रे आणि कागदांच्या प्रती मागितल्यावर डॉक्टरांनी पाच मिनिटांत दिल्या. मी नकाशांचे फोटो दाखवले तेव्हा ते बराच वेळ पाहत राहिले, आणि शेवटचा फोटो आपल्या मोबाइलवर पाठवायला सांगितला. त्या छापील कागदात ओठाचा उल्लेख सहाव्या ओळीत, बारीक अक्षरांत होता. त्याचे मराठी भाषांतर करून द्यायची मी तयारी दाखवली आहे. त्यांनी हो म्हटले आहे, बघू.

मुंबईची वेळ रद्द केलेली नाही. पुढच्या गुरुवारी सातही फोटो घेऊन जाणार आहे.